‘रिसर्च आम्ही बघू, तुम्ही रिपोर्टिंग बघा’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी नर्स आहेत. नोकरीला चौदा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात तीन महिन्यांच्या एका बाळाला वरचं पाणी पाजू नका, असं त्या घरी जाऊन सांगत होत्या. आजी ऐकेना. ‘‘इतलं ऊन पडी राह्यनं, पोराले दोन चमचा पानी बी नई पाजानं का?’’ त्यातच आशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पांढरा कोट घातलेल्या एका माणसाचा व्हिडिओ आला, की उन्हाळ्यात बाळाला पाणी द्याच. उपकेंद्राचे नवे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणाले, ‘‘सिस्टर, रिसर्च बदलत असतो.’’ ताईंनी रात्री मोबाईलवर शोधलं, तर एक पेपर एक सांगतो, दुसरा दुसरंच, आणि सगळं इंग्रजीत. मासिक सभेत विचारलं तर मेडिकल ऑफिसर म्हणाले, ‘‘रिसर्च आम्ही बघू, तुम्ही रिपोर्टिंग बघा.’’ सगळे हसले. त्या विचारतात: खरं काय ते आमच्यासारखीला कळायचं कसं? त्यासाठी एखादा कोर्स करू का? नर्सने डॉक्टरांच्या पुढे जाऊन बोलावं, की गप्प बसावं? जाता जाता पाड्यावरच्या सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या आठ वर्षांच्या एका मुलीबद्दलही त्यांनी विचारलं आहे. तिची आई म्हणते, या गोळ्या किती दिवस द्यायच्या?

ताई,

तुमच्या पत्राचा मोठा भाग त्या सभेतल्या हशाबद्दल आहे. चारचौघांत अपमान झाला की तो डोक्यात घोळत राहतोच. त्यावर बोलू, पण नंतर. आधी पाण्याचं बघू, कारण तुमचा प्रश्न मुळात फार चांगला आहे आणि त्या गडबडीत तोच मागे पडला.

‘मी साधी एएनएम, रिसर्च म्हणजे मोठ्या लोकांचं काम,’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. हे मला मान्य नाही. तुमच्या आशा बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात, बाळाचं वजन करतात, ताप बघतात, श्वास मोजतात. त्यांचे फॉर्म तुम्ही तपासता. हे आलं कुठून? गडचिरोलीतून. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि दुसऱ्या गावांशी तुलना केली. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतला नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. बाळं तपासून नोंदी ठेवणाऱ्या बायका जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या. २०११ पासून हेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. म्हणजे तुमच्या पिशवीतला तो फॉर्म हाच एका मोठ्या संशोधनाचा धागा आहे. वाचायचं राहिलंय, एवढंच.

आता तुम्ही रात्री काय केलंत ते बघू. ‘उन्हाळ्यात बाळाला पाणी द्यावे का’ असं टाकलंत आणि वर जे आलं ते उघडत गेलात. त्यात जाहिराती आल्या, आईपणाच्या वेबसाइटी आल्या आणि मधेच दोन पेपर आले. चुकीचं काही केलं नाहीत, पण उलट्या टोकाने सुरुवात झाली. एकेकटे पेपर शेवटी बघायचे असतात. एकाच शेतातला केळीचा घड बघून अख्ख्या रावेरचा भाव सांगता येत नाही, तसंच आहे हे.

आधी प्रश्न नीट बांधा. कोणतं बाळ? सहा महिन्यांच्या आतलं, पूर्ण दिवसांचं, फक्त अंगावर पिणारं, वजन वाढत असलेलं. काय करायचं म्हणतायत? वरचं पाणी. कशाशी तुलना? नुसत्या आईच्या दुधाशी. बघायचं काय? उन्हात त्याच्या अंगातलं पाणी कमी पडतं का, आणि पाणी दिल्याने काही बिघडतं का. हे चार तुकडे वहीत मराठीत लिहून काढले की निम्मं काम होतं, कारण व्हिडिओतला माणूस यातल्या नेमक्या कशाबद्दल बोलतोय तेही कळू लागतं. तो कदाचित वर्षाच्या मुलाबद्दल बोलत असेल. सहा महिन्यांनंतर पाणी द्यायचंच असतं, त्यात वाद नाही.

मग तीन पायऱ्या. पहिली पायरी म्हणजे आपल्या कार्यक्रमाची गाईडलाईन आणि जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. इथे उत्तर सरळ आहे: सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, कडक उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं, थेंब चालतात. त्याने ‘फक्त आईचं दूध’ मोडत नाही.

दुसरी पायरी कोक्रेन. १९९३ साली सुरू झालेली ही संस्था एकेका प्रश्नावरचे जगभरातले अभ्यास गोळा करते, कच्चे बाजूला काढते आणि उरलेल्यांचा मिळून काय अर्थ होतो ते सांगते. प्रत्येक आढाव्याला साध्या भाषेतला एक सारांश जोडलेला असतो. तो फुकट असतो, बहुतेक वेळा पानभराच्या आसपास, आणि काही सारांश हिंदीतही मिळतात. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांना लवकर वरचं अन्न-पाणी देण्यावरचा आढावा २०१६चा आहे. सहा महिन्यांच्या सल्ल्याला धक्का लागावा असा पुरावा त्यांना सापडला नाही. पण नीट वाचलंत तर लक्षात येईल, की तो आढावा खास उन्हाळ्याबद्दल नाही. आजीचा प्रश्न नेमका उन्हाचाच आहे.

म्हणून तिसरी पायरी पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची वैद्यकीय पेपरांची ही यादी सगळ्यांना फुकट आहे. तिथे इंग्रजी अक्षरांत ‘ब्रेस्टफीडिंग’, ‘वॉटर सप्लिमेंटेशन’, ‘समर’ एवढंच टाका. मोबाईलवर फिल्टरचं बटण दाबलं की ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ आणि ‘फ्री फुल टेक्स्ट’ असे पर्याय येतात. आधी पहिला लावून बघा, काही मिळालं नाही तर काढा. या शोधात तुम्हाला १९९१ चा ‘लॅन्सेट’मधला एक अभ्यास भेटेल, आणि तो आपल्या देशातला आहे. दिल्लीच्या डॉक्टरांनी ऐन उन्हाळ्यात हेच तपासलं. नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळांच्या अंगात पाणी पुरेसं राहिलं, वरच्या पाण्याची गरज पडली नाही.

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारायचा, आणि रिसर्च वाचण्याचं खरं काम हेच: त्या अभ्यासातली बाळं माझ्या बाळासारखी आहेत का? दिल्लीचं ऊन आणि आपल्या भुसावळचा ४५ अंशांवरचा पारा, यात फार अंतर नाही. पण त्या बाळांच्या आया जवळ होत्या, मागेल तेव्हा पाजत होत्या. तुमच्या गावातली ती आई सकाळी सात वाजता मजुरीला जाते आणि दुपारी परतते, असं तुम्हीच पत्राच्या मधे एका ओळीत लिहून गेलात. बाळ आजीजवळ असतं. मग आजी पाणी मागते त्यात नवल काय? तिच्यासमोर चार-पाच तास रडणारं पोर आहे आणि घरात दूध नाही. पाणी द्यावं का, हा तुमचा प्रश्न. आई नसताना बाळाने काय प्यावं, हा आजीचा. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.

म्हणून आजीपुढे ‘रिसर्च असं म्हणतो’ हे वाक्य उच्चारूच नका. जाण्याआधी आणि आल्याबरोबर पाजणं, दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवून वाटी-चमच्याने पाजणं, जमलं तर दुपारी बाळाला आईपाशी नेणं, हे बोला. आपल्याकडच्या उन्हात काढलेलं दूध सावलीत, थंड जागी ठेवायचं आणि फार वेळ ठेवायचं नाही, हेही सांगा. मग बाळाची शू मोजायला आजीलाच बसवा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची शू होत असेल तर बाळाला पाणी पुरतंय. हा पुरावा तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. आणि शू कमी, अंग मलूल, टाळू खोल गेलेली, ताप, पिणं सोडलेलं, यातलं काही दिसलं तर वाद घालत बसू नका, गाडी बोलवा.

‘पाणी द्यायचंच असेल तर आईला द्या’ असं आपण सगळ्या जणी सर्रास सांगतो. उन्हात राबणाऱ्या बाईने तहान भागेल एवढं पाणी प्यायलाच हवं. पण जास्त पाण्याने दूध वाढतं, याला चांगला पुरावा नाही. कोक्रेनने २०१४ साली यावर शोधलं, तर धड अभ्यासच फारसे सापडले नाहीत. तेव्हा तांब्या तिच्या उशाशी जरूर ठेवा, पण तो तिच्यासाठी. आपल्या तोंडातली चांगली वाक्यंही मधूनमधून अशी तपासावीत, मजा येते.

‘रिसर्च बदलत असतो’ हे तुमच्या सीएचओंचं म्हणणं खोटं नाही. बदलतो. पण तो का बदलला, हे बघावं लागतं. बाळाच्या नाळेचं घ्या. नेपाळमध्ये २००६ साली आणि पुढे बांगलादेश, पाकिस्तानात असं दिसलं, की नाळेला क्लोरहेक्सिडीन लावल्याने घरी जन्मलेल्या बाळांमधले जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी होतात. मग २०१६ साली झांबिया आणि टांझानियातल्या पेंबा बेटावरच्या अभ्यासांत मृत्यूंवर काही फरक दिसला नाही. दोन्हीकडचे अभ्यास खरेच होते. परिस्थिती वेगळी होती, नाळेला काय लावलं जातं, बाळंतपण कुठे होतं, मुळात किती बाळं दगावतात, सगळंच वेगळं. म्हणून २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा. जिथे शेणासारख्या गोष्टी लावण्याची चाल आहे तिथेच पहिल्या आठवड्यात क्लोरहेक्सिडीन. हे वाचून तुम्ही उद्या मेडिकलमधून बाटली आणायची नाही. आपल्या कार्यक्रमात नाळेला काही लावायचं नाही असंच आहे. पण एखाद्या पाड्यावर राख किंवा शेण लागतंय असं दिसलं, तर ती नोंद करून वर विचारण्याजोगा प्रश्न तुमच्याकडे आहे.

आकड्यांबद्दल एकच सांगते. ‘५८ टक्क्यांनी धोका कमी’ असं दिसलं की विचारायचं, कशाच्या ५८ टक्के? मॅगसल्फ या झटके रोखणाऱ्या इंजेक्शनचं उदाहरण घ्या, जे देऊन तुम्ही बाई रेफर करता. २००२ सालच्या मॅगपाय नावाच्या अभ्यासात ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या. बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाणाऱ्या गरोदर बायकांत झटके येण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. प्रत्यक्षात काय झालं? औषध न घेतलेल्यांत हजारी १९ बायकांना झटके आले, घेतलेल्यांत ८. म्हणजे हजारामागे ११ बायकांचे झटके टळले. हा आकडा जास्त खरा वाटतो, नाही? आणि तरीही मोठा आहे. चमत्कारिक टक्केवारी आली की हजारी किती ते शोधा. नसेल दिलेलं, तर सावध व्हा.

इंग्रजीची भीती मला समजते. मोबाईलवरचं भाषांतर वापरा, लाजू नका. फक्त ‘नाही’ आणि आकडे, या दोन गोष्टी मूळ मजकुराशी ताडून बघा, कारण भाषांतराची गाडी तिथेच घसरते. वाचताना आधी सारांश वाचा: अभ्यासात कोण होतं, कुठे, किती जण, तुलना कशाशी, आणि पैसे कुणी दिले. बाळाच्या खाण्यापिण्यावरचं काहीही असेल तर पैशांचा प्रश्न आधी विचारायचा. डबाबंद दुधाच्या कंपन्यांनी नर्सा-डॉक्टरांना भेटी, प्रायोजकत्व देऊ नये म्हणून आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे. तो उगाच झालेला नाही. शिवाय पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी जर्नल्स आज ढिगाने आहेत. सीएचओंना तिथून मेलही येत असतील.

आता साहेब. त्यांनी तसं बोलायला नको होतं. पण ‘डॉक्टरांच्या पुढे जावं का’ हा तुमचा प्रश्नच मला चुकीच्या जागेवरून उठलेला वाटतो. तुम्ही पुढे गेलाच नव्हता. वरचं पाणी नको, हे तुमच्याजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावरच आहे. २०१६ पासूनच्या स्तनपानाच्या सरकारी ‘माँ’ कार्यक्रमाचंही तेच म्हणणं. तुम्ही सरकारच्या ओळीवरच उभ्या होता आणि तरी स्वतःला बंडखोर समजत होता. सभेत ‘सर, रिसर्च काय म्हणतो?’ असं विचारलंत, म्हणून त्यांना तो परीक्षेचा प्रश्न वाटला असावा. त्यांच्या मागेही डझनभर पोर्टलं आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे फोन आहेत. पुढच्या वेळी सभेत विचारू नका, ओपीडी संपल्यावर जा. हातात अर्धं पान असू द्या: गावात काय दिसलं, आपली गाईडलाईन काय म्हणते आणि ती कोणत्या वर्षाची, मला काय सापडलं, आणि ‘सर, ग्रुपवर आपल्या नावाने दोन ओळी टाकू का?’ शेवटची ओळ महत्त्वाची. डॉक्टरला वाद नको असतो. तयार मजकुरावर ‘हो’ म्हणणं सोपं असतं. त्यातही एक मर्यादा पाळा. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं, हे वाचनाच्या जोरावर तुम्ही करायचं नाही. वाचलेलं प्रश्न म्हणून वर न्यायचं.

पुन्हा झटकलंच, तर तुमच्या पर्यवेक्षिका एलएचव्ही बाईंमार्फत तेच अर्धं पान तालुक्याला जाऊ द्या, तारीख घालून. भांडण म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

कोर्सचं म्हणाल तर यंदा नको. फी, रजा, घर, सगळं बघता त्या कागदाने तुमचं काम लगेच सोपं होणार नाही. त्यापेक्षा सीएचओंना बरोबर घ्या. त्यांचं इंग्रजी बरं आहे, तुमच्याकडे चौदा वर्षांचे प्रश्न आहेत. त्यांच्यावर तुमचा थोडा राग दिसतो, तो बाजूला ठेवा. मासिक सभेच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्या एएनएम लवकर येतातच. चहा येईपर्यंत महिन्याला एकच प्रश्न घ्यायचा, एकीने शोधून आणायचा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या ग्रंथपालाला किंवा जवळच्या नर्सिंग कॉलेजच्या मॅडमना रीतसर विचारून पूर्ण पेपर मिळवता येतो का, ते बघा. ग्रंथपालांना असे प्रश्न फार क्वचित विचारले जातात, त्यामुळे ते खूश होतात. आशांच्या ग्रुपला नियम घाला: कोण बोलतंय, कोणत्या संस्थेचं आहे आणि तारीख काय, हे नसेल तर पुढे पाठवायचं नाही. व्हिडिओवाल्याला हीच तीन लावून बघा, पहिल्यालाच अडखळेल.

राहिली सिकलसेलची पोर. सातपुड्यातल्या पावरा-भिल वस्त्यांत हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही, म्हणून थोडं लिहिते. जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठेवून. त्यात तपासणीवर भर आहे, म्हणजे असे प्रश्न आता तुमच्याकडे वाढतीलच. ती गोळी बहुधा हायड्रॉक्सीयुरिया असेल, पाकीट बघून खात्री करा. या गोळीवरचा मोठा अभ्यास २०१९ साली आला, अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या एक ते दहा वर्षांच्या मुलांवर. दुखणी, जंतुसंसर्ग, रक्त चढवण्याची वेळ, मृत्यू, सगळं कमी झालं. आता वरचेच प्रश्न लावा. तुलना कशाशी? गोळी न घेणाऱ्या मुलांशी नव्हे, त्याच मुलांच्या गोळीआधीच्या काळाशी. मुलं आपल्यासारखी? आपल्याकडचा सिकलसेल बऱ्याचदा आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य मानला जातो, पण नागपूरच्या डॉक्टरांनी लहान मुलांत तीव्र आजारही नोंदवलाय. तेव्हा ‘आपल्याकडे सौम्यच असतो’ म्हणून गोळी सोडा, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नये.

आईला सांगा, ही गोळी दुखणं थांबल्यावर बंद करायची नसते, ते दुखणं येऊ नये म्हणून रोज घ्यायची असते. किती वर्षं, ते डॉक्टर ठरवतील. या गोळीने रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरलेल्या वेळी रक्त तपासावंच लागतं. पाड्यावरून ग्रामीण रुग्णालयात जायला त्यांना अख्खा दिवस आणि मजुरी घालवावी लागते, तेव्हा गोळी संपण्याची तारीख आणि रक्ततपासणीची तारीख एकाच दिवशी येईल असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मुलीच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत टाका.